मांडवीचा गाळ, खाजनाचा बांध आणि खाली जाणारी जमीन

खाजन म्हणजे खाडीकाठच्या गाळाच्या सपाटीला बांध घालून केलेले शेत. गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण किंवा दिवाडी बेटावरच्या खाजनाच्या बांधावर उधाणाच्या भरतीला उभे राहिले, की एक गोष्ट मोजपट्टी न लावताही दिसते. एका बाजूला मांडवीचे पाणी बांधाच्या माथ्याखाली जेमतेम हातभर अंतरावर आलेले असते. दुसऱ्या बाजूचे भातशेत त्या पाण्याच्या पातळीपेक्षा कंबरभर खाली असते. हे शेत नदीनेच आणून टाकलेल्या गाळाचे आहे. गाळ साचून वर आला, भरतीच्या पातळीला टेकला, म्हणून तर तिथे शेत करता आले. मग ते आज पाण्याच्या खाली कसे गेले?

या एका प्रश्नासाठी मांडवी उगमापासून मुखापर्यंत पाहावी लागते. बांध फुटला की आपण बांधाकडे बोट दाखवतो. पण तो तिथेच का फुटला, फट दोन-चार दिवसांत दुप्पट का झाली आणि घाईघाईने टाकलेले दगड का वाहून गेले, हे नदी जमीन कशी घडवते ते समजल्याशिवाय कळत नाही.

नदीची मापे

मांडवी, म्हणजे वरच्या भागातली म्हादई, सुमारे 81 किलोमीटर लांब. उगम कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात. पाणलोट क्षेत्र 2,032 चौरस किलोमीटर. त्यातले 1,580 गोव्यात, 375 कर्नाटकात, 77 महाराष्ट्रात. रगाडा, खांडेपार, वाळवंटी, म्हापसा या तिला मिळणाऱ्या मुख्य नद्या. दूधसागराचे पाणी खांडेपारमधून येते. कुंभारजुव्याचा कालवा तिला जुवारी नदीशी जोडतो.

पणजीला वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस होतो, घाटाच्या पायथ्याला सत्तरीत त्याहून बराच जास्त, आणि त्यातला सुमारे नव्वद टक्के जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाळ्यात सेकंदाला शेकडो घनमीटर पाणी वाहून नेणारी नदी एप्रिल-मेमध्ये गांजे गावापाशी ओढ्यासारखी होते. पुढचे सगळे याच विषमतेवर उभे आहे.

दुसरे माप भरतीचे. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये सरासरी 12 तास 25 मिनिटे. उधाणाला पाण्याची चढउतार सुमारे दोन मीटर, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, त्याच्या निम्म्याच्या आसपास. ही भरती मांडवीत मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत, गांज्यापर्यंत पोहोचते. म्हणजे नकाशावर जिला आपण नदी म्हणतो तिचा निम्म्याहून जास्त भाग खाडी आहे. नदीचा सगळा उतार वरच्या तुकड्यात संपून जातो.

वर कापणारी नदी

कणकुंबीच्या पठारावर मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघते. कृष्णेला मिळेपर्यंत ती तीनशे किलोमीटर चालते, आणि कृष्णा पुढे बंगालच्या उपसागराला जाते. त्याच कणकुंबीच्या शेजारी कळसा नाला उगवतो, म्हादईत उतरतो आणि शंभर किलोमीटरच्या आत अरबी समुद्र गाठतो. दोघांचा उगम जवळजवळ एकाच उंचीवर. तीच उंची म्हादई कितीतरी कमी अंतरात उतरते. त्यामुळे तिच्या पाण्याला वेग जास्त आणि खडक कापण्याची ताकदही जास्त. पश्चिमेकडे जाणारे ओहोळ आपल्या डोक्याकडे, म्हणजे पूर्वेकडे, पठार कुरतडत जातात. सह्याद्रीचा कडा सरळ भिंतीसारखा नाही, जागोजागी आत शिरलेल्या दऱ्यांनी दातेरी झाला आहे, तो यामुळे. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवण्याच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचा वाद ज्या भूगोलावर उभा आहे तो हाच: दोन विरुद्ध दिशांना जाणारी पाणी एकमेकांच्या इतकी जवळ आहेत, की एका कालव्याने एकाचे दुसऱ्यात वळवता येते.

खडकही सगळीकडे सारखा नाही. गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात दख्खनचा बेसाल्ट आहे. बाकी बहुतेक गोवा त्याहून फार जुन्या धारवाडी खडकांचा. दूधसागराला पाणी 310 मीटर खाली येते. असा धबधबा म्हणजे नदीचे न संपलेले काम. कठीण खडक टिकतो आणि खालचा झिजतो, तोवर पायरी राहते. कड्याच्या पायथ्याशी पडलेले धोंडे पावसाळ्यात एकमेकांवर आपटत खाली येतात. धोंड्याचे गोटे होतात, गोट्यांची रेती होते. उतार संपतो तिथे आधी गोटे थांबतात, मग रेती. गांजे-उसगावच्या खाली पात्रात रेती असते, आणि जुन्या गोव्याच्या बाजूला येईपर्यंत मुख्यतः चिखल उरतो.

डोंगर, ज्यांना बेट म्हणतात

दिवाडीच्या मधोमध टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर पिएदादची इगर्ज, म्हणजे चर्च. चोडणच्याही पाठीवर डोंगर आहे. दोन्ही ठिकाणी घरे डोंगराच्या उतारावर आणि पायथ्याला, शेते सपाटीवर आणि त्यापलीकडे बांध. ही रचना बेटांची जन्मकथा सांगते.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. किनारा आजच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला दूर होता. मांडवी तेव्हा आजच्या मुखावर थांबत नव्हती; ती पुढे जात होती आणि खोल कापत होती. पर्वरी, आल्तिनो, कदंब पठार ही जांभ्याची माथी, ज्यांना गोव्यात सडे म्हणतात, तेव्हाही होती आणि त्यांच्यामधून नदी आणि तिचे ओहोळ दऱ्या पाडत होते. मग बर्फ वितळले, समुद्र चढला आणि साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ येऊन स्थिरावला. दऱ्या बुडाल्या. दिवाडी आणि चोडणची डोंगरमाथी पाण्याबाहेर राहिली.

बुडालेल्या दरीत समुद्राचे पाणी भरले होते आणि वरून नदी गाळ आणत होती. आज दिसणारी सपाटी म्हणजे या भरावाचा माथा. म्हणून बेटाच्या डोंगरावर विहीर खणली तर जांभा लागतो, आणि खाजनात बांबू खुपसला तर तो हाताच्या जोराने खाली जातो. पुलाच्या खांबांचे पाये किती खोल न्यावे लागतील, बंगल्याला तडे का गेले, ओहोळ का तुंबला, यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे जमीन डोंगराची आहे की भरावाची यावर ठरतात. तिसवाडी तालुक्यात, म्हणजे पणजी आणि या बेटांच्या परिसरात, जमीन घेणाऱ्याने हे आधी विचारावे.

गाळ बसतो कसा

इथे थोडे सावकाश जायला हवे, कारण पुढची सगळी गफलत या टप्प्याच्या अज्ञानातून होते.

स्थिर पाण्यात बारीक रेतीचा कण (0.1 मिलिमीटर) सेकंदाला सुमारे 8 मिलिमीटर वेगाने खाली बसतो, मीटरभर पाण्याला दोन मिनिटे पुरतात. 0.01 मिलिमीटरच्या कणाला तेच अंतर कापायला तीन-साडेतीन तास लागतात. मातीचा खरा बारीक कण, 0.002 मिलिमीटरचा, मीटरभर खाली यायला तीन-साडेतीन दिवस घेतो. आणि भरती पूर्ण चढल्यावर पाणी थांबते ते तासाभराहूनही कमी. या हिशेबाने खाडीत चिखल बसायलाच नको.

तो बसतो याचे कारण मीठ. जांभ्याच्या झिजेतून आलेले मातीचे कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. पाण्यात लिटरला दोन-चार ग्रॅम मीठ आले की ते चिकटून त्यांचे पुंजके होतात. हे पुंजके सेकंदाला अर्धा ते एक मिलिमीटर वेगाने बसतात, म्हणजे मीटरभर पाणी पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासात. भरतीच्या माथ्यावरच्या त्या थोड्या स्थिर वेळेत एवढे पुरेसे होते. समुद्राचे खारे पाणी आणि नदीचे गोडे पाणी जिथे मिसळते तिथे पाणी सर्वात गढूळ दिसते आणि चिखलही तिथेच सर्वात जास्त पडतो. ही जागा स्थिर नसते. पावसाळ्यात नदीच्या लोंढ्याने ती मुखाकडे ढकलली जाते, डिसेंबरनंतर हळूहळू आत सरकते.

चिखल पाण्याबाहेर डोकावू लागला की कांदळ आणि तिवर उगवतात. त्यांची मुळे पाण्याचा वेग तोडतात, म्हणून आणखी चिखल पडतो. पण ही वाढ बेमुदत नाही. पृष्ठभाग जितका वर येतो तितक्या कमी भरत्या त्याच्यावर चढतात, त्यामुळे गाळही कमी मिळतो. शेवटी तो उधाणाच्या भरतीच्या जरा खाली येऊन थबकतो. चोडणच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्यात (1.78 चौरस किलोमीटर, 1988) ओहोटीच्या वेळी होडीतून गेल्यास हे सगळे टप्पे एका कडेला दिसतात: खाली निसरडा उघडा चिखल, मग सुटी रोपटी, मग मुळांची दाटी.

बांध घातला आणि घड्याळ थांबले

गावकारीने, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेने, या थबकलेल्या सपाटीला बांध घातला, मानस बसवली आणि खाजन तयार केले. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने 1526 मध्ये गावकारीचे चालत आलेले रिवाज लिहून काढले, तेव्हा ही व्यवस्था आधीच जुनी होती. बांध चिखलाचा, आत पेंढ्याची गुंफण, नदीच्या अंगाला जांभ्याच्या दगडांचा थर. मानस म्हणजे दोन्ही पाण्यांच्या दाबावर आपोआप चालणारे लाकडी दार: ओहोटीला आतले पाणी दार ढकलून बाहेर जाते, भरतीला बाहेरचे पाणी तेच दार दाबून बंद करते. मानशीच्या आत पोय, म्हणजे खोल डबके; पावसाचे जादा पाणी तिथे जमते आणि मासळीही. मानशीवर जाळे लावण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि तो पैसा बांधाच्या डागडुजीला लावण्याची रीत होती.

बांध घातला त्या दिवसापासून आतल्या जमिनीच्या बाबतीत दोन गोष्टी एकदम घडतात. पहिली, तिला नदीचा गाळ मिळणे बंद होते. दुसरी, ती खचू लागते. भरती-ओहोटीखालचा चिखल निम्म्याहून जास्त पाणी असतो. मानशीतून पाणी काढले, जमीन सुकली, की तो आकसतो. त्यातली कुजकी मुळे आणि पाने हवा लागल्यावर जिरून जातात. वरून बैल, माणसे आणि आता ट्रॅक्टर. तिकडे बांधाबाहेरच्या चिखलाला प्रत्येक उधाण गाळ देतच असते आणि समुद्र चढला तर तो चिखलही सोबत चढतो.

म्हणजे बांधाने आतल्या जमिनीचे घड्याळ थांबवले आणि बाहेरचे चालू राहिले. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. बांध जितका जुना आणि जितका चांगला राखलेला, तितकी आत-बाहेरची तफावत जास्त. ही तफावत हाच धोक्याचा खरा आकडा, कारण बांध फुटल्यावर किती पाणी आत येणार ते तिच्यावर ठरते. बांधाची उंची मोजणारे पुष्कळ भेटतात. आतल्या जमिनीची पातळी दरवर्षी मोजणारे खाजन विरळा.

बांध फुटतो कसा

बांध वरून पाणी वाहून फुटतो असा समज आहे. तेही होते: ऑगस्टमध्ये घाटात मोठा पाऊस, मांडवीला पूर आणि नेमके अमावस्या-पौर्णिमेचे उधाण एकत्र आले की माथ्यावरून पाणी जाते आणि आतला उतार धुपतो. पण बहुतेक वेळा सुरुवात खालून झालेली असते.

खेकडे बांधात बिळे करतात. बीळ आरपार गेले नाही तरी पाण्याची वाट अर्ध्याने कमी होते. उरलेल्या मातीतून पाणी झिरपू लागते, जाताना कण नेते, वाट रुंद होते. म्हणून पाहणी भरतीच्या वेळी आणि आतल्या पायथ्याला करायची. ओल दिसली की तिथे वाकून पाहावे. पाझर नितळ असेल तर लक्ष ठेवून चालते. पाझर गढूळ असेल, किंवा बोटाएवढ्या भोकाभोवती बारीक मातीची छोटी ढिगुळी जमली असेल, तर बांध आतून पोकळ होत आहे आणि त्याच भांगाला काम करायला हवे. अशा भोकाला चिखलाचे बूच मारणे ही नेहमीची चूक. पाणी दुसरीकडून वाट काढते. भोकाभोवती पोत्यांची गोल भिंत उभारून आत पाणी चढू द्यावे. आतली पातळी वाढली की दाब घटतो, माती वाहणे थांबते. मग ओहोटीला बाहेरच्या अंगाने बीळ खणून, चिकट चिखल ठोकून बंद करावे. कुंभारजुव्याच्या कालव्याकडच्या बांधांवर ही पाहणी एकट्याने आणि अंधारात करू नये. तिथे मगरी आहेत.

दुसरे कारण बाहेरच्या पायथ्याची धूप. खनिजाच्या बार्जेसच्या लाटा वर्षानुवर्षे याच पात्रातून बांधांवर आपटल्या. पात्रातली रेती बेसुमार काढली की तळ खोल होतो आणि काठ खाली घसरतो. वळणाच्या बाहेरच्या काठाला तर नदीचा स्वभावच कापण्याचा: तिथे पाणी वेगाने जाते, आतल्या काठाला मंद, म्हणून बाहेर धूप आणि आत भर. वळणाबाहेरच्या बांधासमोरची कांदळवनाची पट्टी तोडली गेली तर तो बांध वाचवणे कठीण.

तिसरे कारण मानस. लाकडी दाराची बैठक कुजते, बाजूने पाणी फिरू लागते. कित्येक ठिकाणी फूट मानशीला लागूनच पडते, कारण दगडी चौकट आणि चिखलाचा बांध यांचा सांधा नेहमीच कच्चा.

फट रुंद का होते

हिशेबासाठी 50 हेक्टरांचे एक खाजन घेऊ. आतली जमीन इतकी खाली गेली आहे, की दर भरतीला सरासरी एक मीटर पाणी आत येऊन परत जाऊ शकते. पाच लाख घनमीटर पाणी, सव्वासहा तासांत आत आणि तेवढ्याच वेळात बाहेर. सेकंदाला सरासरी 22 घनमीटर. फट 10 मीटर रुंद आणि एक मीटर खोल असेल तर एवढे पाणी जायला सेकंदाला दोन मीटरहून जास्त वेग लागतो. चांगला ठोकलेला चिखलही सेकंदाला मीटरभर वेगाच्या आसपास धुपू लागतो, ताजा तर निम्म्या वेगालाही. सुरुवातीला सगळे पाणी अरुंद फटीतून आत येऊ शकत नाही, पण जे येते ते फट मोठी करते आणि मोठी फट आणखी पाणी आत घेते. सरासरी वेग 0.7 मीटरपर्यंत उतरायला फटीचा छेद 32 चौरस मीटर व्हावा लागतो: 16 मीटर रुंद, दोन मीटर खोल. तिथवर ती थांबत नाही.

आता हेच खाजन केवळ 40 सेंटीमीटर खाली असते तर? पाणी दोन लाख घनमीटर, सेकंदाला 9. तोच पाऊस, तीच नदी, पण फूट निम्म्याहून लहान. तफावत मोजा असे वर म्हटले ते याचसाठी.

फटीच्या आतल्या अंगाला पाणी कोसळून खोल खड्डा पडतो. बाहेर नवा ओहोळ तयार होतो. दिवसातून दोनदा खारे पाणी शेतात फिरते. दोन-तीन पावसाळे दुर्लक्ष झाले, की आत तिवराची रोपे धरतात आणि मग प्रश्न शेताचा राहत नाही. कांदळवनाला सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांचे, संरक्षण आहे. तिथे पुन्हा शेत करणे कायद्याने अवघड होते. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेने गोव्याच्या खाजनांसाठी स्वतंत्र तरतूद केली, खाजनात विकासकामांना मनाई केली. तरीही पडीक खाजनावर कांदळ आले की शेतकरी आणि वनखाते यांच्यात अडकलेली जमीन कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणून फूट पहिल्याच भांगाला हाती घ्यायची.

बुजवायची कशी

अष्टमीच्या आसपासचे तीन-चार दिवस भांगाचे. पाण्याची चढउतार कमी, फटीतला वेगही कमी. सामान त्याआधी बांधावर येऊन पडलेले हवे. दगडाची वाट पाहण्यात भांग गेला तर पुढची संधी पंधरा दिवसांनी.

पहिले काम फटीची दोन्ही तोंडे दगडांनी बांधून घेणे, म्हणजे ती आणखी रुंद होणार नाही. दुसरे, तळावर जाड दगडांचा थर, खाली फांद्यांची किंवा काथ्याची चटई. चटई नसेल तर दगड चिखलात रुततात आणि दुसऱ्या दिवशी दिसतही नाहीत.

इथे सर्वात महाग चूक होते. दोन्ही बाजूंनी भर टाकत मध्ये यायचे हे डोळ्याला सोपे वाटते. पण फट अरुंद होत जाते तसा वेग वाढतो, तळ खोल जातो आणि शेवटचे तीन मीटर कधीच बंद होत नाहीत. त्याऐवजी पूर्ण रुंदीत तळ एकसारखा वर आणायचा: माडाच्या खोडांच्या किंवा बांबूच्या दोन रांगा, मध्ये मातीची पोती, एका ओहोटीला एक थर. पाणी सगळीकडून सारखे ओसंडून जाते, कुठेच एकवटत नाही. भरतीच्या पातळीवर उंबरा आला की चिखलाचा गाभा, मग बाहेरून जांभा. नदीच्या अंगाचा उतार 1:2 पेक्षा, म्हणजे मीटरभर उंचीला दोन मीटर आडवे यापेक्षा, उभा ठेवू नये.

फटीत खड्डा फार खोल असेल तर त्याच्यावरून बांध नेण्याचा हट्ट धरू नये. आतल्या बाजूने कमान घेऊन खड्ड्याला वळसा घालावा. थोडे शेत जाते, बांध टिकतो. भरीसाठीचा चिखल बांधाच्या पायथ्याशी खणू नये, किमान पंधरा-वीस मीटर दूरून आणावा. पायथ्याचा खड्डा म्हणजे पुढच्या फुटीची तयारी.

बंद झाल्यावर जमीन लगेच पिकत नाही. मृगाच्या पावसाचे पाणी शेतात साठवायचे, ओहोटीला मानशीतून सोडायचे, पुन्हा साठवायचे. मीठ उतरले की खारे सहन करणारे कोरगुट भात पेरायचे. पहिल्या वर्षी उत्पन्न कमी येईल, ते गृहीत धरावे.

मुखाशी

मुखाशी नदीचे काम वेगळेच. आग्वादच्या उपसागरात पावसाळी लाटा रेतीचा पट्टा उभारतात आणि पात्राची वाट उथळ होते. म्हणून पावसाळ्यात खनिजाच्या बार्जेसना मांडवीचे मुख बंद असे आणि त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावला जात. पणजी आणि रायबंदरच्या मधला पट्टा हा जुना दलदलीचा भराव. 1630 च्या दशकात त्यावरून बांधलेल्या लांब पुलवजा रस्त्याला पाणी आरपार जायला कमानी ठेवल्या होत्या. आज पणजीत जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की सांतिनेजचा ओहोळ उलटा फुगतो. शहराची भराव-जमीनही खाजनाच्याच नियमाने चालते, फक्त तिथे मानस नाही.

पुढचे वीस-तीस पावसाळे

जगभरातली समुद्राची पातळी 1993 पासून वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरहून जास्त वेगाने चढते आहे. तीस वर्षांत दहा सेंटीमीटर, आणि आतली जमीन खचते ती वेगळी. नुसता बांध उंच करत जाणे म्हणजे तफावत वाढवत जाणे.

पडीक खाजनांवर एक वेगळा उपाय करून पाहण्यासारखा आहे: नदीकडून गाळ परत मागून घ्यायचा. जुलै-ऑगस्टमध्ये या टप्प्यात पाणी जवळजवळ गोडे आणि वर्षातले सर्वात गढूळ असते. तेव्हा मानस उघडी ठेवून अर्धा मीटर पाणी आत घ्यायचे, पाणी निवळेपर्यंत दार बंद ठेवायचे आणि मग वरच्या फळ्या काढून नितळ पाणी सोडायचे. गोड्या पाण्यात पुंजके होत नाहीत, त्यामुळे निवळायला भरतीचा माथा पुरत नाही; एक-दोन दिवस धरावे लागतात आणि अगदी बारीक कण तरीही निघून जातात. लिटरला 200 मिलिग्रॅम गाळ धरला तर एका भरणीला चौरस मीटरमागे 100 ग्रॅम, म्हणजे ओल्या चिखलाचा साधारण 0.2 मिलिमीटर थर. मोसमात अशा तीस भरण्या झाल्या आणि निम्माच गाळ बसला, तरी तीन मिलिमीटर. समुद्राच्या चढीची बरोबरी होते. उंची भरून काढायची असेल तर गाळ जास्त असलेल्या पुराच्या दिवसांचे पाणी निवडून घ्यावे लागेल.

उभे पीक असलेल्या शेतात हे करता येणार नाही. शेजारच्या खाजनाशी मधला बांध पक्का हवा. आणि आत येणारा गाळ तपासलेला हवा. डिचोली-सत्तरीच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवरून धुपून येणारी लाल, लोहयुक्त माती शेतात सुकून कडक होते आणि रोपाची मुळे गुदमरतात. वरच्या अंगाला ढिगारे उघडे असतील तर पहिल्या पावसाचे पाणी आत घेऊच नये.

किती भर पडली ते कळण्यासाठी मे महिन्यात खाजनात पाच-सहा ठिकाणी पांढऱ्या रेतीचा बोटभर थर पसरून जागा खुंटीने खुणावाव्यात. नोव्हेंबरमध्ये तिथे पातळ पत्र्याची नळी खुपसून काढली की रेतीवर बसलेला गाळ पट्टीने मोजता येतो. मानशीच्या चौकटीवर एक कायमची रेघ मारून तिच्यापासून आतल्या जमिनीची आणि बाहेरच्या चिखलाची उंची दरवर्षी त्याच महिन्यात घ्यावी आणि गावकारीच्या वहीत लिहावी.